तळ्याकडे रोखलेली थ्री-नॉट-थ्री

१

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या शॉमबर्गमधले बाकीचे नवरे गवत कापायचे, गाड्या धुवायचे. देवानंद रामटेके मात्र गॅरेजमध्ये जाऊन आतून दार लावून घ्यायचा. त्याच्या बायकोची, शीलाची, याला काही हरकत नव्हती. ती नर्स. आठवडाभर वॉर्डातली माणसं सांभाळून आल्यावर घरातलं एक माणूस आपणहून नजरेआड होतंय, याचं तिला बरंच वाटायचं.

सत्याऐंशीच्या त्या ऑक्टोबरात गॅरेजच्या बाकावर एक जुनी रायफल आली होती. देवानंद ज्या कंपनीत हत्यारांची डिझाइन्स काढायचा, तिथल्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या सुपरवायझरने त्याला नेमबाजीच्या क्लबात ओढलं होतं. मग दोघं एका दुकानात गेले. तिथे वेगवेगळ्या देशांच्या लष्करांनी मोडीत काढलेल्या रायफली छत्र्यांसारख्या पिंपात उभ्या करून ठेवल्या होत्या. देवानंदने सहज एक उचलली, तर तिच्या पोलादावर इशापूरच्या बंदूक कारखान्याचा शिक्का. इतक्या लांब येऊन आपल्याच मुलखातली भेटावी, याचं त्याला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. दुसरी बघायची त्याला गरजच वाटली नाही.

फक्त तिला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नव्हता. चष्मेवाल्या माणसाला नळीच्या टोकावरची लोखंडी खूण आणि लांबचं निशाण, दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. जुन्या लष्करी रायफलीला दुर्बीण बसवायला भोकंही नसतात. देवानंदने स्कोप बसवायला स्वतःच पोलादाचा एक माउंट घडवला. रायफलीचं जुनं पोलाद इतकं कडक की पहिली दोन ड्रिल त्याच्यावरून नुसती घसरली. तिसऱ्याने जागा धरली. सगळं पक्कं बसलं तेव्हा त्याने स्वतःच्या पाठीवर शाबासकीची थाप मारून घेतली, कारण तिथे मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता नजर जुळवायची होती. ती जुळवायची रीत सोपी आहे. रायफल बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरायची, गोळी आत सरकवणारा बोल्ट काढून ठेवायचा आणि मागून थेट मोकळ्या नळीत डोळा घालायचा. नळीच्या दुसऱ्या टोकाला लांबची एखादी वस्तू बरोबर मधोमध दिसली पाहिजे. मग नळीला धक्का न लावता स्कोपमध्ये बघायचं आणि आतली काळी फुली स्क्रू फिरवून त्याच वस्तूवर आणायची. नळी आणि स्कोप एकाच ठिकाणी बघायला लागले की काम फत्ते.

गॅरेजच्या मागच्या खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणापलीकडे पावसाचं पाणी साठवायचं तळं आणि तळ्याच्या काठी एक लाकडी खांब, त्यावर नंबराची पांढरी पत्र्याची पट्टी. देवानंदने निशाण म्हणून ती पट्टी धरली. खांबाच्या डावीकडे बऱ्याच अंतरावर एक बाक होता. त्यावर त्याची आई, गिरजाबाई, रोज सकाळी पाऊण तास बसायची. रायफलीला बोल्ट नव्हता, गोळी नव्हती, तरीही नळी बाकापासून दूर आहे ना, हे त्याने तीनदा पाहिलं.

दुपारपर्यंत फुली पट्टीवर बसली, अगदी केसाइतकाही फरक नाही. तेवढ्यात माय फिरून आली आणि दारातच थबकली.

"देवा, ही तर थ्री-नॉट-थ्री होय."

"हो माय. टार्गेटवर मारायला आणलीय. क्लबात."

तिने पुढे होऊन लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. "त्यांच्याजवळ हीच होती," ती म्हणाली. मग नेहमीच्याच सुरात तिने विचारलं, "इथला पत्ता कळवला होता ना रे तू?"

"कळवला होता, माय."

हे तो तीन वर्षं सांगत आला होता आणि ते खोटं होतं.

२

या पत्त्याची हकीकत सांगायलाच हवी.

देवानंदचे वडील, हवालदार रामटेके, बासष्ट साली चीनशी झालेल्या लढाईत नेफाच्या बर्फात बेपत्ता झाले. बेपत्ता, एवढंच तारेत लिहिलं होतं. पुढे सरकारने त्यांना मृत धरलं, पलटणीतले लोक भेटून गेले, नातेवाईक रडून मोकळे झाले. गिरजाबाई रडली नाही. तिने एकच गोष्ट धरून ठेवली. घर बदललं की पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलंच पाहिजे. कामठीची लष्करी लाइन सोडून इंदोऱ्याच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायला आले तेव्हा बारा वर्षांच्या देवानंदने तिच्या सांगण्यावरून पहिलं पत्र लिहिलं: "आमचा पत्ता बदलला आहे. हवालदार रामटेके आल्यास त्यांना कळवावा." नंतर भाड्याच्या आणखी तीन खोल्या झाल्या आणि तशीच आणखी तीन पत्रं गेली.

चौऱ्याऐंशीत माय अमेरिकेला आली ती याच अटीवर. देवानंदने पत्र लिहिलंही. पण पोस्टाच्या पेटीपुढे उभं राहिल्यावर त्याला वाटलं, पुरे झालं आता. हिने किती दिवस वाट बघायची? हा दोर कोणीतरी कापायलाच हवा. पत्र फाडून त्याने कचऱ्यात टाकलं आणि घरी येऊन "टाकलं" म्हणाला. हे त्याने तिच्या मायेपोटीच केलं होतं, आणि म्हणूनच ते आता कबूल करणं त्याला फार जड जात होतं. माय जगात एवढ्या एकाच माणसाच्या शब्दावर डोळे मिटून विसंबून होती.

३

रविवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन तो सहज गॅरेजमध्ये गेला आणि स्कोपला डोळा लावला. फुली पट्टीवर नव्हती. खांबाच्या डावीकडे, दोन हात अंतरावर, नुसत्या गवतावर होती.

नळीतून पाहिलं, तर पट्टी बरोबर मधोमध. म्हणजे रायफल जागची हलली नव्हती, स्कोप हलला होता. त्याने स्क्रू तपासले. सगळे घट्ट होते. थंडीने धातू आकसतो, असं स्वतःला बजावत त्याने फुली परत पट्टीवर आणली.

सोमवारी कामावर निघण्याआधी पाहिलं, तर ती पुन्हा डावीकडे, आणि या खेपेला आणखी लांब गेलेली. दुपारी त्याने वॉल्टरला विचारलं. वॉल्टर म्हणाला, स्क्रूंना गोंद लाव आणि माउंटवरून स्कोपवर रंगाची एक बारीक रेघ ओढ. काही हललं तर रेघ तुटेल, चोर सापडेल. देवानंदने संध्याकाळी तसंच केलं.

मंगळवारी रेघ शाबूत होती. स्क्रूंवरचे आकडे जिथे ठेवले होते तिथेच होते. आणि स्कोपमध्ये तळ्याकाठचा बाक दिसत होता.

देवानंद खुर्चीत बसला. स्कोपचे स्क्रू शेवटापर्यंत फिरवले तरी नजर एखाद्या अंशापलीकडे सरकत नाही. हा बाक चांगला दहा अंश बाजूला होता. स्कोप सरळ, नळी सरळ, आणि बघणं मात्र वाकडं. त्याने पुन्हा डोळा लावला तेव्हा डोळ्याकडच्या काचेवर वाफ धरलेली दिसली. पुसायला बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं, कारण वाफ कडेने हळूहळू विरत होती. श्वास लागून धरलेली वाफ अशीच विरते. त्याने स्वतः अजून श्वास सोडलाच नव्हता.

गॅरेजमध्ये ओल्या घोंगडीचा वास येत होता.

४

"अहो, मी कशाला हात लावू तुमच्या बंदुकीला?" शीला म्हणाली. "मला ती घरात नको आहे, हे मी फर्स्ट डेलाच सांगितलंय."

"मग माय जात असेल का गॅरेजमध्ये?"

"त्या सकाळी बाकावर असतात. आणि काय करतील बघून?" शीला डबा भरता भरता थांबली. "तुम्हाला झोप मिळत नाहीये का? कामाचं टेन्शन असेल तर सुट्टी घ्या ना थोडी."

त्याने विषय बदलला. बायको नर्स असली की नवऱ्याला साधी शंकाही आजाराचं लक्षण वाटणार नाही अशा बेताने बोलावी लागते. पण तिचं एक म्हणणं खरं होतं. माय बाकावर बसलेली असताना स्कोपमागे माय असू शकत नव्हती.

बुधवारी त्याने गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. गुरुवारी सकाळी कुलूप काढून आत गेला आणि स्कोपमध्ये पाहिलं. माय समोर होती. बाकावर, शाल पांघरून, इतकी जवळ की कानामागे खोचलेली पांढरी बट दिसावी. काळी फुली बरोबर तिच्या छातीवर होती.

त्याने झटकन डोळा काढला. बोल्ट वरच्या खणात कुलपात होता, गोळ्या अजून विकतच घेतल्या नव्हत्या. हे सगळं माहीत असूनही नळी मोकळी आहे ना, हे त्याने मागून बोट घालून पाहिलं. त्याने पुन्हा पाहायचं धाडस केलं. माय तळ्यातल्या बदकांकडे बघत नव्हती. ती सरळ स्कोपकडे बघत होती आणि तिचा चेहरा त्याने गेल्या पंचवीस वर्षांत कधी पाहिला नव्हता इतका निवांत होता.

तिला विचारावं, असं त्याला वाटलं. पण विचारायचं काय? तुला कोण शोधतंय, असं विचारलं की पुढचा प्रश्न तीच करणार: त्यांना पत्ता दिला होता ना?

संध्याकाळी त्याने रायफलीवर चादर टाकली आणि शनिवारी दुकानात परत द्यायची असं ठरवलं.

५

शनिवारी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. जवळच राहणाऱ्या सुलभाताईंच्या बेसमेंटमध्ये पंचवीसेक माणसं जमणार होती. वंदना, भाषण आणि मग जेवण. शीला आणि माय पांढऱ्या साड्या नेसून सकाळीच निघाल्या. डोकं दुखतंय, असं सांगून देवानंद मागे राहिला.

आधी त्याने अंगणातली पानं गोळा केली. खरं तर तो गॅरेज टाळत होता, पण पानांनाही अंत असतो. ढिगाला दाताळं टेकवून तो आत गेला. चादर खाली पडलेली होती. बाक आज रिकामा, तेव्हा स्कोप कुठे बघतोय हे पाहावं म्हणून त्याने डोळा लावला.

पानांचा ढीग दिसला आणि ढिगाला टेकवलेलं दाताळं. फुली दाताळ्याच्या दांड्यावर, माणसाच्या छातीच्या उंचीला. दोन मिनिटांपूर्वी तो स्वतः तिथे उभा होता.

काचेवर वाफ होती.

आता दुसरा माणूस असता तर पळाला असता. देवानंद इंजिनियर होता, त्याने चाचणी घेतली. तळ्याकाठच्या खांबाजवळ जाऊन तो पाच मिनिटं उभा राहिला. परत आला, तर फुली खांबावर. शेजाऱ्याच्या कुंपणाशी पाच मिनिटं उभा राहिला, तर फुली कुंपणावर. तिसऱ्यांदा तो बाकावर जाऊन बसला आणि बसल्या बसल्या त्याला मानेवर कोणाची तरी नजर जाणवली. शाळेत कॉपी करताना मास्तर मागे येऊन उभे राहिले की जाणवायची, तशी. खिडकीकडे मान वळवण्याची त्याची छाती झाली नाही. परत आला तेव्हा फुली बाकावरच होती.

म्हणजे शोध मायचा नव्हता. माय सापडली होती. आता पाठलाग चालला होता तो त्याचाच, आणि हे कळल्यावर देवानंदला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. पंचवीस वर्षं एक माणूस बर्फातून चालत राहिला, घर हुडकत राहिला, आणि घराचा पत्ता फाडून टाकला तो याने. त्या माणसाला ते ठाऊक असलं तर? शिपायाने नेम धरावा तो कोणावर?

बाहेर गाडीचं दार वाजलं. माय आणि शीला परतल्या होत्या.

६

माय घरात आलीच नाही. कार्यक्रमाची पांढरी साडी तशीच, वर शाल ओढून ती थेट तळ्याकडे चालू लागली. सकाळचं बसणं राहिलं होतं ना! देवानंद तिच्या मागोमाग गेला. भर दुपार होती, स्वच्छ ऊन होतं, पलीकडे कोणीतरी कुत्रं फिरवत होतं.

"माय," तो बाकापुढे उभा राहून म्हणाला, "मी खोटं बोललो. इथला पत्ता मी कळवलाच नाही. पत्र लिहिलं आणि फाडून टाकलं."

त्याला वाटलं होतं, ती कोसळेल. ती फक्त शाल सारखी करत म्हणाली, "ठाऊक आहे मले."

"ठाऊक आहे?"

"दर पत्राची तिकडून पोचपावती यायची. इथं आल्यावर एक नाही आली. मी काय येडी आहे?"

"मग सारखं विचारायचीस काहून?"

"तू खरं कधी सांगतो, ते बघत होते." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. "सांगितलंस. बरं वाटलं."

देवानंदला रडू आलं. पत्नी, नोकरी, घर, सगळं असलेला सदतीस वर्षांचा माणूस तळ्याकाठी उभा राहून रडला आणि तीन वर्षांचं ओझं त्याच्या छातीवरून उतरलं. डोळे पुसून चष्मा लावताना त्याने नकळत घराकडे पाहिलं.

गॅरेजची खिडकी उघडी होती. खिडकीत नळीचं काळं टोक होतं. त्यामागे कोणीतरी वाकलेलं होतं. लोकरीची टोपी, दस्त्याला टेकलेला गाल, एक डोळा मिटलेला. इतकंच दिसलं, पण ते तिथे होतं आणि हलत नव्हतं.

"माय," त्याने खिडकीकडे बोट केलं, "तिकडे..."

"रोज असतात," माय म्हणाली. "मान अजून तशीच वाकडी धरतात."

"आपल्यावर नेम धरलाय."

"माझ्यावर नाही. मले तर पहिल्याच दिवशी ओळखलं त्यांनी. तुझ्यावर."

"रागावलेत?"

"रागवायला आधी ओळखायला नको का?" तिच्या आवाजात नवऱ्याबद्दलची इतकी कणव होती की देवानंदने तिच्याकडे वळून पाहिलं. "बारा वर्षांचं पोरगं सोडून गेले होते ते. आता पाहतात तर चष्मा लावलेला, अर्धं टक्कल पडलेला कोणी बाप्या या घरात राहतो. त्यांना वाटतं, हे परक्याचं घर आहे. आणि परक्याच्या घरात ते पाय ठेवायचे नाहीत, देवा. न बोलावता ते कोणाकडे पाणीसुद्धा पीत नव्हते."

"आणि ओळखलं तर?"

"तर येतील."

"मग तू जाशील त्यांच्याबरोबर?"

मायने पायातून सुटलेल्या चपला पुन्हा चढवल्या. ती निघायची तयारी करतेय, हे देवानंदला पुरतं कळत होतं. धावत जाऊन खिडकी लावून घ्यावी, रायफल व्हाइसमधून काढावी, स्कोप दगडाने फोडावा, हे सगळं त्याच्या हातात होतं. माय राहिली असती. पुन्हा वाट बघत, पुन्हा याच बाकावर.

"चष्मा काढ," माय म्हणाली. "चष्म्यात नाही पाहिलेलं त्यांनी तुले."

त्याने चष्मा काढला. घर, खिडकी, कुंपण, सगळ्याचा एक फिकट चिखल झाला. तो खिडकीच्या दिशेने तोंड करून उभा राहिला. हात सरळ, मान वर. लहानपणी कामठीच्या लाइनीत वडील रजेवर आले की दारात असाच उभा राहायचा.

"माय, काय दिसतंय?"

"बोलू नको. बघू दे त्यांना."

तो उभा राहिला. ऊन गालावर पडत होतं. शेजारी बांगड्यांचा आवाज झाला. माय पदर सारखा करत होती.

"उठले," ती म्हणाली.

"खरंच?"

"खिडकीतून बाहेर आले. अंगणात आहेत." तिने त्याचं मनगट धरलं. थोड्या वेळाने तिचा आवाज फुटला. "लंगडतात रे. पाय दुखतो त्यांचा."

गवतावरून कोणीतरी येत होतं, एक पाय टाकत, एक पाय ओढत. देवानंदच्या मुठीत चष्मा होता. तो त्याने लावला नाही.